जोखीम कुणाच्या पदरी?

१९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क उठवलं. पुढच्याच आठवड्यात, २७ ऑगस्टला, भारतीय मालावरचा अमेरिकेचा आयातकर पन्नास टक्क्यांवर गेला. अमेरिकेच्या बाजारात आपला कपडा महागणार, तेव्हा निदान रुई तरी स्वस्त मिळू द्या, अशी गिरणीवाल्यांची आणि तयार कपड्यांच्या निर्यातदारांची मागणी होती. ती मान्य झाली. त्या दिवसांत यवतमाळ, वर्धा, परभणी, जालना या पट्ट्यात पऱ्हाटी कमरेला लागली होती, पाते-फुलं धरत होती. बियाणं, खत, निंदण, फवारणी यांचे पैसे जमिनीत गेले होते. सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी सुरू व्हायला अजून दीड-दोन महिने होते. शुल्कमाफी आधी ३० सप्टेंबरपर्यंतच होती. ती लगोलग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. नवा कापूस बाजारात येतो ते नेमके हेच महिने.

यात कुणी बेकायदा काही केलं नाही. दिल्लीने एका उद्योगाला टेकू दिला, वॉशिंग्टनने आपलं राजकारण केलं, गिरणीने स्वस्त मिळाला तो माल घेतला. प्रत्येकाला आपला निर्णय बदलायला वाव होता. जूनमध्ये पेरणी केलेल्या माणसाला तेवढा तो नव्हता.

जागतिकीकरणावर मराठीत लिहिलं गेलं नाही असं नाही. उलट १९९१ नंतरची पंधरा-वीस वर्षं दिवाळी अंकांचा तो हुकमी विषय होता. पण त्यातलं बरंचसं लेखन दोन सुरांतच अडकलं. एका सुरात पुणे-बंगळुरूच्या काचेच्या इमारती, परदेशी नोकऱ्या आणि ‘संधी’ हा शब्द. दुसऱ्यात बहुराष्ट्रीय कंपन्या, बुडणारी संस्कृती आणि ‘आक्रमण’ हा शब्द. दोन्ही बाजूंना खरी उदाहरणं सापडत होती, म्हणून वाद मिटला नाही आणि पुढेही सरकला नाही. दार उघडावं की लावावं यावरच सगळे भांडत राहिले. प्रस्तुत लेखसंग्रहाने तो वाद बाजूला ठेवून एक वेगळा प्रश्न हाती घेतला आहे: व्यवहार जगभर पसरतो तेव्हा त्यातली जोखीम कुणाच्या पदरी येते, आणि ती तशी यावी हे कोण ठरवतं? विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला या प्रश्नाचा दोरा धरून आत शिरता यावं, म्हणून त्या क्षेत्राचा एक ढोबळ नकाशा इथे काढला आहे.

जागतिकीकरण म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. माल, भांडवल, माणसं, तंत्र आणि आवडीनिवडी या पाच गोष्टी सीमा ओलांडतात, आणि प्रत्येकीची चाल वेगळी असते. न्हावा-शेव्याहून निघालेला कंटेनर रॉटरडॅमला पोहोचायला आठवडे लागतात. भांडवल काही सेकंदांत जातं आणि तेवढ्याच सेकंदांत परत फिरतं. एखादं गाणं, एखादी केशभूषा रातोरात गावोगावच्या मोबाइलवर पोहोचते. माणूस मात्र व्हिसाच्या रांगेत उभा राहतो. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं, तेव्हा त्या रांगेची किंमत सर्वांना आकड्यात दिसली. चालींमधला हा फरक जोखमीच्या वाटणीत फार मोठं काम करतो. ज्याला पटकन पळता येतं त्याचं नुकसान कमी; जमीन, यंत्र किंवा कसब घेऊन जो एका जागी बसला आहे, त्याच्या वाट्याला उरलेलं.

हे सगळं सुरू कधी झालं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि हा वाद वाटतो तेवढा पुस्तकी नाही. डेनिस फ्लिन आणि आर्तुरो हिराल्डेझ हे इतिहासकार १५७१ हे साल सांगतात. त्या वर्षी स्पेनने मनिला वसवलं आणि अमेरिकेतली चांदी पॅसिफिक ओलांडून थेट चीनकडे वाहू लागली. इमॅन्युएल वॉलरस्टाइन यांनी १९७४पासून मांडलेल्या ‘जागतिक व्यवस्थे’चा आरंभही सोळाव्या शतकातला, केंद्रातले देश आणि परिघावरचे देश ही भाषा तिथून रुजली. केविन ओरुर्क आणि जेफ्री विल्यमसन हे अर्थ-इतिहासकार मात्र कडक कसोटी लावतात. दोन दूरच्या बाजारांतले भाव एकमेकांजवळ येऊ लागले, एकाच्या चढउताराने दुसरा हलू लागला, तरच त्याला जागतिकीकरण म्हणायचं. त्यांच्या हिशेबाने ते १८२०च्या दशकाआधी झालंच नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ही कसोटी फार उपयोगी पडते. इथला परदेशी व्यापार दोन हजार वर्षांचा आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर इथून बैलगाड्यांनी भडोचला जाणाऱ्या मालाची नोंद आहे. इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती तेर आणि भोकरदनच्या मातीतून निघाल्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. हा इतिहास अभिमानाने सांगण्यासारखा आहेच. पण रोममध्ये कापडाचा भाव पडला म्हणून तेरच्या परिसरात कुणी कर्जबाजारी झाल्याचा पुरावा नाही. चैनीचा माल जात होता, सोनं येत होतं, आणि गावाचं पोट गावातच भरत होतं.

ते चित्र बदललं १८६०च्या दशकात, आणि ते कापसाने बदललं.

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्या तोवर तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून, म्हणजे गुलामांच्या श्रमातून, घेत होत्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि लिव्हरपूलची नजर मुंबईकडे वळली. पुढची चार वर्षं मुंबईने जे अनुभवलं, तसं तिने आधी कधी अनुभवलं नव्हतं. कापसातून आलेला पैसा शेअरबाजारात शिरला, रोज नवी बँक, नवी भराव-कंपनी निघू लागली. बॅक बे भराव कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे. एप्रिल १८६५मध्ये युद्ध संपलं. वायद्यांची पूर्तता १ जुलैला करायची होती. त्या दिवसापर्यंत भाव कोसळले होते, पेढ्या बुडत होत्या. पुढे सरकारी भागीदारी असलेली बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली.

मुंबईतल्या या पडझडीची कथा पुष्कळांना ठाऊक असते. घाटावर आणि वऱ्हाडात काय झालं, ते कमी सांगितलं जातं. तेजीच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली होती. जमीन तारण होती आणि कापसाला भाव होता. भाव गेला, कर्ज राहिलं, त्यात सरकारने नव्या मोजणीने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून कर्जरोखे जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. दख्खनच्या या दंग्यांमागे कापूस किती आणि शेतसारा किती, यावर इतिहासकार आजही भांडतात, आणि भांडावंच. पण रोखे जाळणाऱ्या जमावाला मूळ कारण नेमकं कुठे लिहून ठेवलं आहे ते कळलेलं होतं, एवढं खरं. वऱ्हाडची गोष्ट आणखी पुढे गेली. १८७०मध्ये लॉर्ड मेयोने खामगावची रेल्वे सुरू केली; त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली, आदल्या वर्षी सुएझ कालवा खुला झाला होता. लिव्हरपूलचा भाव आता खामगावच्या बाजारात पोहोचू लागला. ज्वारीची जमीन कापसाखाली गेली. लक्ष्मण सत्या या अभ्यासकाने १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडवर लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच कापूस आणि दुष्काळ हे दोन शब्द शेजारी ठेवले आहेत.

वैचारिक परंपरेकडे वळलं तर मराठी वाचकाला थोडं सुखद आश्चर्य वाटावं. जागतिक व्यापाराची चिकित्सा आपण पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली नाही. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या टोपणनावाने पत्रं लिहून इंग्रजी राज्यातल्या आर्थिक लुटीवर बोट ठेवलं होतं. कार्ल मार्क्सचे भारतावरचे लेख त्यानंतर बारा वर्षांनी आले. लोकहितवादींनी ‘शतपत्रां’त देशी माल वापरण्याचा आग्रह धरला. सार्वजनिक काका १८७७च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निचऱ्याचा सिद्धांत आकडेवारीसह उभा केला. न्यायमूर्ती रानड्यांची भूमिका यात सर्वांत गुंतागुंतीची आणि आजही सर्वांत कामाची. व्यापार नको, असं ते कधीच म्हणाले नाहीत. इंग्लंडमध्ये रचलेले खुल्या व्यापाराचे नियम जसेच्या तसे हिंदुस्थानाला लागू करू नका, इथे उद्योग उभे राहण्यासाठी सरकारने हात द्यायला हवा, असं ते १८९२च्या पुण्यातल्या व्याख्यानात सांगत होते. शंभर वर्षांनी डॅनी रॉड्रिक यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ विकसनशील देशांच्या औद्योगिक धोरणाविषयी जे लिहू लागले, त्याच्याशी हे ताडून पाहावं.

पहिलं महायुद्ध, जागतिक मंदी, दुसरं महायुद्ध यांनी जागतिकीकरणाची ही पहिली लाट मोडली. दुसरीची पायाभरणी १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेत झाली. पण तिचा खरा नायक अर्थतज्ज्ञ नव्हता. तो अमेरिकेतला एक ट्रकव्यावसायिक होता. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीनचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन निघालं. माल पेटीसकट उचलायचा आणि पेटीसकट ठेवायचा, एवढीच युक्ती. तिने गोदीतल्या हमालीचा खर्च आणि वेळ असा काही खाली आणला की एका वस्तूचे दहा भाग दहा देशांत करणं परवडू लागलं. १९८९मध्ये सुरू झालेलं न्हावा-शेव्याचं बंदर ही त्या युक्तीची महाराष्ट्रातली आवृत्ती. मुंबईच्या जुन्या गोद्या ओस पडत गेल्या, त्याचं एक मोठं कारण खाडीपलीकडे उभं राहिलं होतं.

मग १९९१. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या तिजोरीतून सुमारे ४७ टन सोनं विमानाने इंग्लंडला तारण म्हणून गेलं. रुपयाचं अवमूल्यन झालं. २४ जुलैला डॉ. मनमोहन सिंग यांनी तो प्रसिद्ध अर्थसंकल्प मांडला. निर्यात आणि आयात मिळून होणारा परदेशी व्यापार १९९०मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या पंधरा-सोळा टक्के होता, तो २०१२मध्ये पंचावन्न टक्क्यांपर्यंत गेला. या बदलाने कोट्यवधी माणसांच्या आयुष्यात भर पडली, हे नाकारणं आता कुणालाही शक्य नाही. जगभरातही १९९०मध्ये एक तृतीयांशाहून अधिक लोक अतिगरिबीत होते. २०१९पर्यंत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलं. त्यात सर्वांत मोठा वाटा चीनचा. चीनने दार उघडलं होतं खरं, पण बिजागऱ्या आणि कडीकोयंडा स्वतःच्या हातात ठेवून.

या काळाचं आकलन करणाऱ्या विचारांचे प्रवाह साधारण तीन गटांत मांडले जातात. डेव्हिड हेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९मध्ये केलेली ही विभागणी आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. पहिला गट म्हणतो, राष्ट्रराज्याचे दिवस भरले. केनिची ओमाए यांचं ‘बॉर्डरलेस वर्ल्ड’ हे त्याचं नमुनेदार पुस्तक. दुसरा गट शंकेखोरांचा. पॉल हर्स्ट आणि ग्रॅहम थॉम्प्सन यांनी १९९६मध्ये दाखवून दिलं की १९१४पूर्वीचं जग काही बाबतींत आजच्याइतकंच खुलं होतं आणि बहुराष्ट्रीय म्हणवणाऱ्या कंपन्यांची मुळं एखाद्याच देशात घट्ट असतात. तिसरा गट खुद्द हेल्ड यांचा: राज्यसंस्था संपत नाही, तिचं काम बदलतं.

अर्थशास्त्रज्ञांमधला सामना याहून चुरशीचा होता. मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती यांनी ‘इन डिफेन्स ऑफ ग्लोबलायझेशन’मध्ये खुल्या व्यापाराची बाजू लढवली, पण लहरी भांडवलाला मोकळं रान द्यायला त्यांचाही विरोध होता, ही गोष्ट त्यांचे चाहते आणि टीकाकार दोघेही सोयीने विसरतात. जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ राहिलेल्या जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी २००२मध्ये नाणेनिधीच्या कारभारावर कोरडे ओढले. रॉड्रिक यांनी सांगितलं की सखोल जागतिकीकरण, राष्ट्रीय सार्वभौमत्व आणि लोकशाही या तिन्ही गोष्टी एकदम पूर्णपणे मिळत नाहीत, कुठल्या तरी दोनच निवडाव्या लागतात. ब्रँको मिलानोविच आणि क्रिस्टोफ लॅकनर यांनी १९८८ ते २००८ या वीस वर्षांचा हिशेब एका आलेखात मांडला. आशियातला मध्यमवर्ग वर गेला, जगातला सर्वांत श्रीमंत एक टक्काही वर गेला, आणि श्रीमंत देशांतला कामगार होता तिथेच राहिला. ब्रेक्झिट आणि ट्रम्प यांच्या विजयानंतर त्या आलेखाकडे राजकारणीही बघू लागले.

या यादीत एक मराठी नाव हवं, आणि ते शरद जोशींचं. स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आलेला हा माणूस, देशातले बहुतेक शेतकरी नेते जागतिक व्यापार करारासाठीच्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध रस्त्यावर उतरले असताना त्या प्रस्तावाच्या बाजूने उभा राहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं: शेतकऱ्याला लुटणारा परदेशी नाही, निर्यातबंदी आणि लेव्ही लादणारं आपलंच सरकार आहे. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली आणि लासलगावात लिलाव बंद पडले, तेव्हा या म्हणण्यातलं तथ्य नव्याने दिसलं. त्यांचा अंदाज जिथे चुकला ती जागा वेगळी. अमेरिका आणि युरोप आपल्या शेतकऱ्यांना देत असलेली अनुदानं जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांमुळे आटतील, असं त्यांनी धरलं होतं. ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस-अनुदानाविरुद्धचा खटला जिंकला. तो वाद २०१४ साली मिटला, तो अमेरिकेने ब्राझीलला तीस कोटी डॉलर देऊन. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकी देशांच्या कापूस उत्पादकांना त्यातलं काही मिळालं नाही, आणि विदर्भालाही नाही. (आंबेठाणच्या शेजारच्या चाकणमध्ये आज जर्मन मोटारींचे कारखाने आहेत, शरद जोशींना यात विरोधाभास दिसला नसता.)

जोखमीचा दोरा हातात धरून नव्वदच्या दशकातल्या महाराष्ट्राकडे पाहिलं की एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीजप्रकल्पाच्या प्रकरणाचा अर्थही बदलतो. ते त्या वेळी स्वदेशी विरुद्ध विदेशी म्हणून गाजलं. डिसेंबर १९९३च्या वीजखरेदी कराराची कलमं वाचली तर खरी गोम वेगळीच दिसते. वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचा आकार भरायचाच. दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला. वर केंद्र सरकारची हमी. रुपया घसरला, इंधन महागलं, मागणी कमी पडली, तरी तोटा राज्य वीज मंडळाचाच. १९९५मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांत मोठ्या प्रकल्पासाठी पुन्हा केला. २००१मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावरचा तो प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. मंडळाच्या देण्यांचा बोजा अखेर वीजग्राहकावरच येणार होता.

नाशिकच्या द्राक्षांची गोष्ट याला छेद देणारी आहे, म्हणून ती शेजारी ठेवायला हवी. २०१०च्या हंगामात युरोपने भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं सांगून माल अडवला. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ रोखून घड धरण्यासाठी तो सर्रास वापरला जात होता. भारतातल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. कंटेनर तिकडच्या बंदरात अडकले, बागायतदारांचे पैसे बुडाले. पण त्याच पडझडीतून दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. तपासणी, शीतगृह, ग्राहकाशी करार हे सगळं तिने आपल्या हातात घेतलं. २०२२मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये घातले. जोखीम नाहीशी झाली नाही. २०२४च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा द्राक्षांचे दिवस आणि भाडं दोन्ही वाढलं. फरक एवढाच की तोटा सोसणारा बागायतदार आता एकटा नव्हता.

आणि जिथे वाटणी झालीच नाही, तिथलं उदाहरणही डोळ्यांसमोर असावं. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, काही वर्षांत बहुतेक क्षेत्र त्याखाली गेलं, उत्पादन वाढलं. मग गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतमजूर आणि शेतकरी दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्यातल्या काही कुटुंबांनी पुढे थेट स्वित्झर्लंडमध्ये, बाझेलला, कीटकनाशक कंपनीविरुद्ध दिवाणी दावा लावला. माल यवतमाळला पोहोचायला वेळ लागला नाही. जबाबदारीचा प्रश्न उलट दिशेने बाझेलपर्यंत न्यायला वर्षं लागली.

संस्कृतीच्या बाजूला आलं की बहुतेकांचा तोल जातो. जॉर्ज रिट्झर यांनी १९९३मध्ये मॅक्डोनाल्डीकरणाचा सिद्धांत मांडला, म्हणजे सगळं जग एका साच्याचं होणार. १९९६मध्ये मॅक्डोनाल्डची दुकानं भारतात आली आणि थोड्याच वर्षांत बटाट्याची टिक्की विकू लागली. १९९६च्याच नोव्हेंबरमध्ये मायकल जॅक्सनचा मुंबईतला कार्यक्रम झाला, आणि तो घडवून आणण्यात पुढाकार मराठी अस्मितेचं राजकारण करणाऱ्या पक्षाच्या मंडळींचा होता! मुंबईतच वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी हे आधीच हेरलं होतं. माणसं, माध्यमं, तंत्र, पैसा आणि कल्पना यांचे प्रवाह वेगवेगळ्या वाटांनी वाहतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यातूनच नवी संस्कृती घडते, ही त्यांची १९९०मधली मांडणी. आखातात गेलेला रत्नागिरीकर, जहाजावरचा गोव्याचा तारवटी, उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव, इस्रायलमधल्या बेने इस्रायलींनी चालवलेलं ‘मायबोली’ नियतकालिक: यांतलं काहीच ‘आक्रमण’ या एका शब्दात मावत नाही.

तरीही संस्कृतीचा प्रश्न पैशाच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. जून २०२५मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, खिळा नाही. कापशी, कुरुंदवाड या गावांच्या नावाने ओळखले जाणारे घाट. या चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. समाजमाध्यमांवर संताप उसळला, कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केलं, मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका फेटाळली गेली. मानांकन नावाचं रक्षण करतं, घाटाचं नाही, ही पंचाईत त्या निमित्ताने उघडी पडली. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीचा करार झाला: सुमारे दोन हजार जोड, किंमत प्रत्येकी ८०० युरोच्या आसपास. सन्मान झाला, असं म्हणून अनेकांनी विषय मिटवला. त्या ८०० युरोंतले किती कारागिराच्या घरात जाणार, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर वरच्या तारखांमध्येच आहे. २०१९च्या डिसेंबरपासून जागतिक व्यापार संघटनेचं अपिलाचं मंडळ नेमणुका अडल्यामुळे ठप्प आहे. करोनाने एकाच देशावर विसंबण्याचा धोका दाखवला. मार्च २०२१मध्ये सुएझ कालव्यात एक जहाज आडवं झालं आणि सहा दिवस जगाचा माल खोळंबला. आता आयातकर ही परराष्ट्र धोरणाची छडी झाली आहे. जागतिकीकरण संपलं, असं काही जण म्हणू लागले आहेत. ते घाईचं आहे. माल अजून वाहतोच आहे. नियम तेवढे रोजच्या रोज बदलत आहेत. नियम अस्थिर झाले की मोठा खेळाडू विमा काढतो, वकील नेमतो, दुसरीकडून माल आणतो. लहान माणसाकडे यातलं काही नसतं, म्हणून जोखमीचा प्रश्न नव्वदच्या दशकापेक्षा आज अधिक टोकदार आहे.

या संग्रहातले लेखक एका विचाराचे नाहीत. काहींना बाजार हवा आहे, काहींना त्याची भीती वाटते. एकाच विषयावर दोघांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढलेलेही सापडतील, आणि संपादनात ते मुद्दाम तसेच ठेवले आहेत. मात्र प्रत्येकाने एक शिस्त पाळली आहे. ‘भांडवल’, ‘बाजार’, ‘संस्कृती’ अशा मोठ्या शब्दांपाशी न थांबता एखादी वस्तू, एखादा करार, एखादं गाव धरून भाव, हमी, विमा, कर्ज यांचा माग काढला आहे. त्यामुळे काही पानांवर करारातली कलमं आणि खंडीचे भाव भेटतील. त्यांना कंटाळून पान उलटू नये, कारण गोष्ट बहुधा तिथेच दडलेली असते. संग्रहाची मर्यादाही सांगायला हवी. कापूस वेचणाऱ्या, गिरणी बंद पडल्यावर खानावळ चालवणाऱ्या, आखातातून येणाऱ्या पैशावर घर ओढणाऱ्या बायकांचा हिशेब इथे जितका यायला हवा होता तितका आलेला नाही.

त्याचं कारण साधनांची टंचाई. भावाची आकडेवारी सरकारी दप्तरात मिळते. तोटा कुणी, कसा सोसला याची नोंद घरातल्या पेटीत असते. एकाधिकार कापूस खरेदीच्या जुन्या पावत्या, गिरणीचा पास, सोसायटीचं कर्जखातं, कुवेतहून आलेली पत्रं, जहाजावरच्या नोकरीची वही असं काही वाचकाच्या घरी असेल, तर ते रद्दीत घालण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास किंवा अर्थशास्त्र विभागाला एकदा दाखवावं.